पाय लागला तर

माझ्या डाव्या पायाची कीर्ती गावात दोन माणसांनी पसरवली. एक आमच्या मॅडम आणि दुसरे आण्णा. मॅडम म्हणायच्या, "हिच्या पायात काहीतरी आहे." आण्णा म्हणायचे, "हिला लाथा मारायचा नाद लागलाय." दोघंही एकाच पायाबद्दल बोलत होते.

आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. वडील पुण्याला कंपनीत, सणावाराला येणारे. त्यामुळे घरात, शेतात आणि माझ्या बाबतीत आण्णांचाच शब्द चालायचा. सरावावरून घामाघूम होऊन आले, की दारातच विचारायचे, "आज किती जणीला लाथा मारून आलीस?"

"लाथ नाही आण्णा, किक म्हणतात."

"मराठीत सांग की."

मराठीत सांगायला गेलं की पुन्हा लाथच. मग मी चिडायची, ते हसायचे, आणि चुलीपाशी बसलेली आई खाली मान घालून भाकरी थापत राहायची. मला राग फार लवकर येतो. त्या वेळी तर नाकाच्या शेंड्यावरच असायचा.

पण आण्णांना उगाच वाईट ठरवणार नाही मी. झरी गावाच्या पलीकडे आमची शेती आहे. ज्वारी निघाली की त्यातला एक तुकडा त्यांनीच आम्हा पोरींना खेळायला दिला होता. धसकटं पायात घुसू नयेत म्हणून ती स्वतः खणून काढली होती. शाळेच्या मैदानावर पोरांचं क्रिकेट चालायचं, आम्हाला तिथे कोणी उभं करत नव्हतं. गावात मुलींची टीम निघाली तेव्हा लोकांनी आमच्या हाफ पँटवरून नाकं मुरडली. आण्णा त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांना खटकायचा तो पाय.

आपल्याकडे कुणाला पाय लागला की आपण वाकतो, त्या माणसाला हात लावून तो हात छातीला लावतो. पुस्तकाला लागला तर पुस्तक डोळ्यांना लावतो. कुणी मुद्दाम शिकवलेलं आठवत नाही, हात आपोआप जातो. आमची सगळी टीम अशीच. सरावात एकीचा पाय दुसरीला लागला की दोघी वाकायच्या, एकमेकींना शिवायच्या आणि मग खेळ पुढे. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण सगळ्याच जणी तसं करत होत्या.

पहिल्यांदा परभणीला मॅच खेळायला गेलो तेव्हा पितळ उघडं पडलं. मी लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूने येणाऱ्या पोरीला अडवणारी. एकीच्या पायातून बॉल काढला, माझा बूट तिच्या नडगीला लागला, मी वाकले. मी तिच्या पायाला शिवून छातीला हात लावेपर्यंत तिच्या मैत्रिणीने बॉल नेऊन गोल केला. त्याहून भारी पुढे झालं. मी पाया पडले की रेफ्री शिट्टी मारायचे. त्यांना वाटायचं, पोरगी चूक कबूल करतेय म्हणजे फाऊल असणारच. त्या दिवशी मी जितक्या वेळा माफी मागितली तितक्या वेळा शिक्षा घेतली. एकदा तर गोलच्या चौकटीत वाकले आणि पेनल्टीच दिली. शहरातल्या पोरी पोट धरून हसल्या.

मॅडम विज्ञान शिकवायच्या, परभणीहून स्कूटीवर यायच्या. खेळाच्या सरांची जागा रिकामी होती म्हणून फुटबॉल त्यांच्या गळ्यात पडला होता. त्यांनी यावर तोडगा काढला. मॅच सुरू होण्याआधी हात मिळवताना समोरच्या प्रत्येकीला सांगायचं, "आज जे पाय लागतील त्यांची आत्ताच माफी." एकदा म्हटलं की संपलं, नंतर वाकायचं नाही. आम्हाला ते पटलं. हात आवरायला मात्र महिने गेले. छातीकडे निघालेला हात मी कमरेवरच दाबून धरायची, आणि दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहायचं.

मी हे कौतुकाने घरी सांगितलं. आण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी माफी मागायची अन् मंग लाथ घालायची? हे लय झ्याक हाय. उद्या कुणाच्या तोंडात मारायची असंल तर सकाळीच जाऊन माफी मागून येतो."

सगळे हसले. मी हसले नाही, कारण आण्णा हसत नव्हते.

अकरावीत असताना जिल्ह्याच्या मुलींच्या टीमची निवड लागली. आमच्या शाळेची परभणीतल्या एका शाळेशी मॅच ठेवली होती. निवड समिती ती बघणार आणि दोन्हीकडच्या पोरींतून नावं काढणार. निवड झाली तर शिबिर, मग बाहेरगावी विभागीय स्पर्धा. आता तालुक्याला मुलींच्या टीमा दिसतात, पालक डबे घेऊन येतात, वालूरकडच्याही पोरी खेळतात असं ऐकते. तेव्हा आमच्या आसपास आम्हीच होतो. बारावी तोंडावर आली होती आणि घरात 'आता पुरं' हा शब्द निघायला लागला होता.

आण्णांनी मला बाजेपाशी बोलावलं. आवाज अगदी शांत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"दोन गोष्टी. निवड झाली तर खेळ, मी आडवा येनार न्हाई. न्हाई झाली तर बूट माळ्यावर. अन् दुसरं, मी सोता बगायला येनार हाय. माणसाला पाय लागला अन् तू पाया पडली न्हाईस, तर निवड झाली तरी बूट माळ्यावर. आपल्या घरात तसली रीत न्हाई."

"पण आण्णा, पाया पडले की फाऊल देतात!"

"देऊ दे."

मी मॅडमकडे गेले. मॅडम म्हणाल्या, "वाकलीस तर निवड होणार नाही." मी आण्णांकडे आले. आण्णा म्हणाले, "न वाकता निवड झाली तर ती मला नको." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघांनाही माझं भलंच हवं होतं, आणि दोघांच्या मध्ये माझा खेळ संपणार होता. ते दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. जेवताना ताट पुढे ओढलं तरी आदळायचं.

मॅचच्या दिवशी आम्ही पोरी, मॅडम आणि माझी आई क्रूझर गाडी करून परभणीला गेलो. पोरगी एवढ्या लांब चालली आहे म्हणून आईने सोबत जावं, असं आण्णांनीच ठरवलं होतं. ते स्वतः मोटरसायकलवर मागून आले. मैदानावर चुन्याच्या फक्कीने रेषा मारल्या होत्या. आई डोक्यावरचा पदर पुढे ओढून भिंतीकडेच्या कडुलिंबाखाली बसली. आण्णा पांढरा पायजमा, टोपी, हात पाठीमागे बांधून थेट डाव्या रेषेवर जाऊन उभे राहिले. बरोबर माझ्या बाजूला. एवढं मोठं मैदान, पण त्यांना दुसरीकडे बघायचंच नव्हतं.

समोरून माझ्यावर येणारी पोरगी उंच होती, केसांचा घट्ट अंबाडा घातलेला आणि पळायला वाऱ्यासारखी. पहिल्याच धडकेत मी बॉल काढला आणि बूट तिच्या घोट्याला लागला. मी आण्णांकडे बघितलं. ते माझ्या पायांकडेच बघत होते. मी वाकले, तिला शिवले, छातीला हात लावला. शिट्टी. फाऊल.

पुढच्या वेळी मी युक्ती केली. बॉल आधी लांब मारून दिला आणि मग वाकले. शिट्टी वाजली नाही, पण मी माझ्या जागेवर परत जाईपर्यंत त्या पोरी मोकळ्या जागेतून घुसल्या. आमच्या गोलकीपरने कसाबसा वाचवला आणि माझ्यावर ओरडली. ती उंच पोरगीही वैतागली.

"अगं, सारखं काय करतेस तू?"

"पाय लागला ना."

"मग? माझाही लागतोच की तुला!"

तिला काय सांगणार? रेषेवर उभा असलेला माणूस तिचा चुलता नव्हता.

हाफटाइम झाला तेव्हा कुणाचाच गोल नव्हता. मॅडम मला बाजूला घेऊन गेल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "निवड समितीच्या टेबलावरच्या बाई विचारत होत्या, ही पोरगी मध्येच थांबते का? दम कमी आहे का हिला?"

दम कमी! घरापासून शेतापर्यंत रोज पळत जाणारी मी. मला रडू आलं, ते मी पाण्याबरोबर गिळलं. आईने दुसरा तांब्या पुढे केला. तिने विचारलं नाही काय झालं म्हणून. माझ्या गुडघ्यावरची माती तेवढी पदराने पुसली आणि हळूच म्हणाली, "आण्णाला म्हणावं, चहा पिऊन घ्या." माझ्याच हातून निरोप. आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी तोंडावर बोलत नाही. आईला आण्णांना काही सांगायचं असलं की ती मला सांगायची, मग आण्णा शेजारी बसलेले का असेनात. मी जाऊन सांगितलं. आण्णा म्हणाले, "तुझं चालू दे."

दुसऱ्या हाफला बाजू बदलल्या. माझी डावी बाजू पलीकडे गेली. मला वाटलं, सुटले. तर आण्णा मैदानाला अख्खा वळसा घालून पलीकडच्या रेषेवर येऊन उभे. आता ते आणखी पुढे सरकले होते. रेषेवर झेंडा घेऊन पळणारा माणूस सारखा "काका, मागं सरा, मागं सरा" म्हणत होता. आण्णा एक पाऊल मागे घ्यायचे आणि तो गेला की दीड पाऊल पुढे यायचे.

मी वाकत राहिले. दर वेळी टेबलाकडे बघायची हिंमत होत नव्हती. पाय लागूच नये म्हणून मी त्या पोरीपासून लांब लांब राहायला लागले, आणि लेफ्ट बॅकने लांब राहायचं म्हणजे दार सताड उघडं टाकायचं. ती दोनदा माझ्या बाजूने आत घुसली. माझ्या टीममधल्या पोरी माझ्याकडे कशा बघत होत्या ते मला दिसत होतं. माझ्यामुळे त्यांचीही निवड बुडणार होती, आणि हे कुणी बोलून दाखवत नव्हतं.

मॅच संपत आली तेव्हा त्यांच्या बाजूने एक लांब बॉल आला, अगदी डाव्या रेषेला धरून. ती उंच पोरगी सुटली, मी सुटले. माझ्या डोक्यात त्या क्षणी ना आण्णा होते ना निवड. फक्त तो बॉल. मी जमिनीवर घसरत पाय टाकला. बॉलला जेमतेम शिवले, आणि पुढच्या क्षणी माझा बूट सगळ्या वजनानिशी कशावर तरी आदळला. वर बघते तर पांढरा पायजमा. आण्णा खाली बसले होते, नडगी धरून. टोपी बाजूला पडली होती.

बॉल बाहेर गेला नव्हता. शिट्टी वाजली नव्हती.

माझा हात निघाला. तो थांबवणं माझ्या हातात नव्हतंच. आण्णांच्या पायापर्यंत तो गेला, बोटं पायजम्याला लागलीही असतील. मान वळवली तर ती पोरगी बॉल घेऊन गोलकडे निघालेली, मध्ये आमची कुणीच नाही. मी हात मागे घेतला. उठले आणि पळत सुटले. मागे बघितलं नाही.

ती चौकटीत शिरून मारायच्या बेतात होती तेव्हा मी बाजूने पोचले आणि पाय आडवा घातला. बॉल माझ्या पोटरीवर आपटून गोलच्या बाहेरून गेला. आम्ही दोघी पडलो. माझा बूट तिच्या गुडघ्याला लागला होता. मी तिच्याकडे बघितलं, रेफ्रीकडे बघितलं, आणि दोन्ही हात मातीवर दाबून तशीच बसून राहिले. रेफ्रीने कॉर्नर दिला. पेनल्टी नाही.

थोड्या वेळाने मॅच संपली. बरोबरी. मी रेषेकडे धावले तर तिथे आण्णा नव्हते. पलीकडे मोटरसायकलही नव्हती.

मग नावं वाचली. माझं नाव शेवटाकडे आलं. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "ती शेवटची पळ बघून घेतलंय तुला. आधी का झोपली होतीस?" मॅडमनी मला मिठी मारली. पोरींनी उचललं. मी मात्र रिकाम्या रेषेकडेच बघत होते. ज्या पळण्याने माझी निवड झाली होती, त्याच पळण्याने ती बुडाली होती. इतक्या पोरींना मी वाकले आणि ज्याच्या पाया पडायचं त्यालाच टाकून पळाले.

क्रूझरमध्ये पोरी गाणी म्हणत होत्या. मी खिडकीपाशी बसून मनात वाक्यं जुळवत होते. आण्णा, चुकून लागला. आण्णा, तुम्ही मला दिसलाच नाहीत. प्रत्येक वाक्य आण्णा कसं उडवून लावतील ते मला आधीच ऐकू येत होतं. आई शेजारी बसली होती.

घरी पोचलो तेव्हा दिवस बुडायला आला होता. आण्णा अंगणात बाजेवर, पायाला आंबेहळदीचा लेप लावलेला. नडगी टम्म सुजली होती. मी सरळ जाऊन वाकले. त्यांनी पाय वर ओढून घेतले.

"ऱ्हाऊ दे. तितं जमलं न्हाई, आता कशाला?"

"आण्णा, निवड झाली माझी."

"झाली असंल. बूट आण."

मी बूट आणून दिले. त्यांनी ते आपल्या बाजेखाली ठेवले. "शब्द दिलता मी. तू बी ऐकलता. दुसऱ्याच्या पोरी जाऊ दे, सोताच्या चुलत्याला लाथ घातली अन् मागं वळून बगितलं न्हाई. चार लोकं हसले मला."

एरवी मी तोंडाला तोंड दिलं असतं. आण्णांच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते, पण तो नुसता दुखावलेला होता. मी तिथेच उभी राहून रडत होते.

"हात काढला व्हता तिनं."

आवाज स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून आला. आई पदर सावरून उभी होती. आण्णांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणायलीय ती?"

मी सांगणार तेवढ्यात आईच बोलली. "तिला कशाला इचारता? मी बोलायलेय. पाया पडायला हात काढला व्हता तिनं. मी बगितलं. ती पाया पडत बसली असती तर तिकडं गोल झाला असता."

आण्णा उठून बसले. मला वाटतं, त्यांनी आईचं एवढं लांब बोलणं घरात कधी ऐकलंच नसेल. ते आईकडे न बघता अंगणातल्या जमिनीशी बोलल्यासारखे म्हणाले, "मंग? चुलत्याला लाथ घालायची का त्यासाठी?"

"लाथ न्हाई घातली. बॉलला पाय टाकला. मधी तुमी आलात."

"मी बाजूला उभा व्हतो."

"न्हाई," आई म्हणाली. "रेषेच्या आत व्हता तुमी. त्यो झेंडेवाला सारखा मागं सरा म्हणायला व्हता, अन् तुमी सरत नव्हता. तुमच्यामुळं पोरगी दिवसभर खालमुंडी खेळली."

काकू घरातून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. आण्णा बराच वेळ आपल्या सुजलेल्या नडगीकडे बघत होते. ते उठून काठी घेतील, आईला बोलतील, पुण्याला फोन लावतील, काय काय येऊन गेलं माझ्या मनात. माझी भीती आता बुटांसाठी नव्हती, आईसाठी होती.

मग त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नाही, सरळ आईकडे बघितलं.

"शिबिराला कदी जायचंय तिला?"

"सोमवारी," आई म्हणाली. "सकाळी."

"मंग बस नको. मी सोडतो."

"पाय दुखायलाय तुमचा."

"सोमवारपतुर हुईल बरा."

मी दोघांच्या मधोमध उभी होते. इकडचा निरोप तिकडे न्यायला कुणीच मला सांगत नव्हतं.